दोन बोटांची बोट

“दोन बोटं दिली आणि एक बोट मिळवली, तीही छत्तीस फुटी! आमच्या साडूंसारखा व्यवहारी माणूस शोधून सापडायचा नाही.”

हा विनोद मास्तरने पहिल्यांदा केला तेव्हा घड्याळजीच्या हाताचं ठणकणंही थांबलं नव्हतं. पुढे घरात चार माणसं जेवायला बसली की तो व्हायचाच. पाहुणे हसायचे, मास्तरची बायको हसायची, आणि उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून गमावलेला घड्याळजी डाव्या हातात चमचा धरून “वा, वा” म्हणायचा. मनात म्हणायचा, हस लेका, हसून घे.

दोघं एकमेकांचे साडू, म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरलीचा नवरा मोटार चालवायला शिकवायचा, म्हणून मास्तर. धाकटीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून घड्याळजी. साडूचं नातं मोठं अवघड. धड भाऊ नाही, धड मित्र नाही. एकाच सासऱ्याने दोघांना एकाच तराजूत घातलेलं असतं, आणि काटा कुणाकडे झुकला होता हे दोघंही मरेपर्यंत विसरत नाहीत. इथे काटा मास्तरकडे झुकला होता. मास्तर उंच, मास्तरचा आवाज मोठा, मास्तरच्या चार गाड्या. घड्याळजीकडे होतं दोन इमारतींमधल्या बोळाला दार लावून केलेलं एक दुकान, त्यात एक काउंटर, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग.

पण त्या बोळात त्याचा रुबाब होता. कुणी घड्याळ दिलं की ते उघडण्याआधी तो कानाला लावायचा. दोन घटका ऐकायचा आणि सांगायचा, “तेल सुकलंय,” किंवा “दाता झिजलाय.” मग उघडून बघायचा, ते गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. त्याला शंका नसायचीच. असा हा कानाचा माणूस. त्यालाच पुढे सगळ्या नातेवाइकांनी बहिरा ठरवला, यावरून त्याच्या रागाची कल्पना करा.

बोट दोघांनी भागीत घेतली होती. एका डॉक्टरची ती जुनी शिडाची बोट. आत चार माणसं झोपतील एवढी जागा, स्वयंपाकाचा ओटा, कपाटाएवढा संडास आणि एक खोकणारं डिझेल इंजिन. भागीचं घोडं किवणानं मरतं म्हणतात, पण हे घोडं मेलं नाही, कारण खरारा एकटा घड्याळजी करायचा. बूड खरवडून चिकटलेले शिंपले काढायचे, रंग द्यायचा, शिडाची उसवलेली शिवण घालायची, इंजिनचं तेल बदलायचं, हे सगळं त्याचं. चाक मात्र मास्तरचं. मास्तर चाकामागे उभा राहून हुकूम सोडायचा. उंटावरून शेळ्या हाकायची सवय त्याला धंद्यानेच लावली होती. “क्लच! ब्रेक! ब्रेक म्हटलं ना!” असं तो दिवसभर ओरडायचा, आणि शिकणाऱ्याने नाही दाबला तरी काही बिघडायचं नाही, कारण शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. बोटीत तो नसतो, एवढीच गोष्ट मास्तरच्या कधी ध्यानात आली नाही.

धक्क्यावर असेपर्यंत मास्तर “अहो साडूभाऊ” म्हणायचा. चाक हातात आलं की तो थेट एकेरीवर यायचा. “ओढ!” “सोड!” बस, दोनच शब्द. दोर ओढायचा किंवा सोडायचा, बोटीवर तिसरं काम कमीच असतं.

त्या दिवशी काय झालं ते नीट सांगायला हवं. बोटीच्या दोन्ही कडांना विंच असते, म्हणजे उभा लोखंडी ढोल. पुढच्या शिडाचा दोर तिच्याभोवती तीन वेढे घेऊन येतो. “सोड” म्हटलं की वेढे सैल करायचे, आणि त्यासाठी हात ढोलापासून लांब असतो. “ओढ” म्हटलं की आणखी एक वेढा टाकून खेचायचं. त्यासाठी बोटं ढोलाच्या अगदी जवळ न्यावी लागतात. वारा अंगावर आला, बोट कलली, शीड फडाडलं. घड्याळजी दोर धरून मास्तरच्या तोंडाकडे बघत होता. मास्तर ओरडला, “ओढ!” घड्याळजीने बोटं पुढे नेली आणि वेढा टाकला. शिडात वारा भरला, दोर उलटा धावला आणि बोटं दोर आणि लोखंड यांच्यामध्ये सापडली.

मास्तरच्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते “हात बघू” असं नव्हतं, “अरे देवा” असंही नव्हतं. तो ओरडला, “मी सोड म्हटलं होतं!”

बाकी साक्षीदार नव्हता. दोघींपैकी थोरली आली नव्हती, आणि धाकटी खाली ओट्याशी भांडी धरून उभी होती. दवाखान्याच्या बाकावर मास्तरने थोरलीला सांगितलं, “वारा होता. ऐकण्यात चूक झाली त्यांची.” थोरलीने आईला सांगितलं, आईने मावश्यांना. दोन दिवसांत नातेवाइकांत ठरून गेलं की घड्याळजीला कमी ऐकू येतं. त्याने चिडून कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, कुत्र्याचे असतात तसे कान आहेत. ते मास्तरला कळलं तेव्हा मास्तर म्हणाला, “मग लक्ष नसेल.” घड्याळजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती परत उतरलीच नाही.

खरं म्हणजे ‘सोड’ आणि ‘ओढ’ यांत कानाला फरक जेमतेम एका ‘स’चा. आणि वारा दिवसभर तेवढंच अक्षर घोकत असतो. तुम्ही ‘ओढ’ म्हटलं तर तो पुढे आपला ‘स’ लावून देतो, ‘सोड’ म्हटलं तर त्यातला ‘स’ गिळून टाकतो. धाकटीला हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. ती म्हणाली होती, “एक शब्द बदला ना. सोडऐवजी ‘सैल’ म्हणा. ओढ आणि सैल, कधीच घोटाळा होणार नाही.” मास्तर हसला होता. “सैल? ही बोट आहे का लहान मुलाची चड्डी?”

बोटं गेल्यावर घड्याळजीने डाव्या हाताने चिमटा धरायचा प्रयत्न केला. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या घड्याळाची केसाएवढी कमान त्याने वाकवली, स्क्रू उडून कुठे गेला ते कळलं नाही, आणि गिऱ्हाईक “राहू द्या, राहू द्या” म्हणत इतक्या चांगुलपणाने निघून गेलं की घड्याळजीने दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुकान गेलं, मग दुकानावरच्या दोन खोल्या गेल्या. तेव्हा मास्तर आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “साडूभाऊ, बोटीतला माझा वाटा तुम्हाला. पूर्ण बोट तुमची. राहा तिथे मजेत.”

सगळे म्हणाले, केवढं मोठं मन! धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळजी वाट बघत होता. एक वाक्य. ‘मी ओढ म्हणालो होतो, चूक माझी होती.’ एवढं वाक्य मास्तर म्हणाला असता तर घड्याळजीने बोट परत दिली असती आणि वर त्याचे पाय धरले असते. पण मास्तरने बोट दिली, वाक्य काही दिलं नाही. आणि पुढच्याच जेवणाला तो विनोद आला.

तर नवरा-बायको बोटीवर राहायला गेले. बोटीवर राहणं लांबून फार सुंदर दिसतं. धक्क्यावरून जाणारी जोडपी थांबून “किती छान” म्हणायची, तेव्हा घड्याळजी आत पालथा पडून, हात खांद्यापर्यंत तळात घालून, साचलेलं पाणी गोड आहे की खारट ते चाटून बघत असायचा. गोड असलं तर टाकी गळतेय, खारट असलं तर समुद्र आत येतोय. कपडे वाळायचे नाहीत, माचिस पेटायची नाही, उठून बसताना डोकं आपटायचं. धाकटी एका दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांची नोंद करायला बसायची. सकाळी इस्त्रीची साडी नेसून, चपला पिशवीत घालून, ती अनवाणी फळीवरून धक्क्यावर जायची आणि तिथे पाय पुसून चपला घालायची. दवाखान्यात कुणाला पत्ता लागला नाही की ही बाई पाण्यावर राहते.

दिवस गेले, आणि एक भलतीच गोष्ट झाली. घड्याळजीला बोट आवडायला लागली. दोर ताणला की त्याच्या आवाजावरून तो वाऱ्याचा जोर सांगायचा. इंजिन खोकलं की कान लावून म्हणायचा, “हवा शिरलीय.” राहिलेल्या तीन बोटांनी तो अशा गाठी मारायचा की शेजारच्या बोटींवरची माणसं त्याला बोलवायची. सकाळी चहाचा कप घेऊन तो चाकाशी बसला की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच संताप यायचा. कारण मग सौदा खरंच वाईट नव्हता! मास्तरचा विनोद खरा ठरत होता. दुसऱ्याच्या विनोदात आपण सुखाने राहतोय, याच्याइतका अपमान त्याला दुसरा वाटत नव्हता.

सोड आणि सूड, यांतही फरक एका उकाराचाच आहे.

सुरुवातीला त्याने बारीकसारीक सूड घेतले. मास्तर-थोरली सुट्टीला बोटीवर राहायला आले की मास्तरला तो नेमकी ती जागा झोपायला द्यायचा, जिथे पाऊस आला की छताच्या खिळ्यातून थेंब कपाळावर पडतो. तो खिळा घड्याळजीला एका दुपारी बंद करता आला असता. केला नाही. संडासाचा पंप मारायची एक खुबी होती, ती मास्तरला त्याने कधी सांगितली नाही. आतून मास्तरचा धापा टाकण्याचा आवाज यायचा आणि घड्याळजी बाहेर बसून तो आवाज कानाला लावल्यासारखा ऐकायचा. पण अशाने भूक भागत नाही. मास्तर सकाळी कपाळ पुसत बाहेर यायचा आणि म्हणायचा, “मजा आहे हो तुमची!”

मोठा सूड हळूहळू तयार झाला. मास्तरला एकदा विंचवर बसवायचं. चाक आपण धरायचं. वारा असा निवडायचा की तो तोंडावर येईल. आणि ज्या क्षणी सोडायला हवं त्या क्षणी मोठ्याने, एकेरीत ओरडायचं, “ओढ!” मग म्हणायचं, “मी सोड म्हटलं होतं. ऐकण्यात चूक झाली तुमची.” नाक दाबलं की तोंड उघडतं. आपल्यावर आलं म्हणजे कळेल, मग म्हणेल ते वाक्य.

धाकटी म्हणाली, “जुन्या विंच काढून त्या नव्या बसवू या. त्यांत दोर आपोआप धरला जातो, बोटं जवळ न्यावी लागत नाहीत. तुमच्या हाताला सोपं पडेल.” घड्याळजी म्हणाला, “नको. जुन्या चांगल्या आहेत.” आणि तो जुनी विंच उघडून तिची कुत्री, म्हणजे दाते अडवणारे खटके, कमानी, चाकं रॉकेलमध्ये धुवून, पुसून, तेलाचं एकेक टिपूस देऊन पुन्हा बसवायचा. इतक्या मायेने त्याने दुकानात कुणाचं घड्याळ साफ केलं नव्हतं. ढोल फिरवला की टिकटिक आवाज यायचा आणि त्याचा चेहरा खुलायचा.

धाकटी म्हणाली, “निदान तो शब्द तरी बदलू. आता तर बोट आपली आहे.” घड्याळजी तिच्यावर खेकसला. “शब्द का बदलायचा? शब्दाची चूक होती का? मला नीट ऐकू आलं होतं.” शब्द बदलला असता तर भांडण कशावर उभं राहणार? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि हा पीळ तर रोज हाताळला जात होता. धाकटी मूर्ख नव्हती. खाडीच्या तोंडाशी वाऱ्याकडे तोंड करून हा माणूस एकटाच “ओढ... सोड... ओढ...” असं पुटपुटतो, ते तिने पाहिलं होतं.

मग मास्तरच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि मास्तरचा फोन आला. “साडूभाऊ, व्याही आणि विहीणबाई येतायत. त्यांना जरा बोटीची सैर घडवू. आपली बोट बघितली की गार होतील!”

“आपली,” घड्याळजी फोन ठेवून म्हणाला. “आपली!”

“जाऊ द्या हो,” धाकटी म्हणाली.

“छे, जाऊ कशाला देऊ? येऊ दे की,” घड्याळजी म्हणाला, आणि त्याने दुपारभर विंच पुसली.

रविवारी सगळे आले. व्याही बारीक, चष्मेवाले, कापडाच्या दुकानाचे मालक. विहीणबाई केशरी जाकीट गळ्यात घालून अशा बसल्या की जणू बुडायलाच निघाल्यात. मास्तर पांढरी टोपी घालून आला आणि सवयीने चाकाकडे निघाला. घड्याळजी आधीच तिथे उभा होता.

“आज चाक मी धरतो,” तो म्हणाला. “तुम्ही विंचवर बसा. ताकदीचं काम आहे, माझ्या हाताने होत नाही.”

ताकदीचं काम म्हटल्यावर व्याह्यांसमोर मास्तर नाही कसं म्हणणार? त्याने बाह्या सारल्या. “बघा व्याही, मालक चाकावर, नोकर दोरावर! तुम्हाला माहीत आहे का, यांना ही बोट कशी मिळाली?”

घड्याळजीने चाक घट्ट धरलं. आता येणार.

“दोन बोटं दिली आणि एक बोट मिळवली...”

व्याही हसले. मग त्यांची नजर चाकावरच्या हातावर गेली आणि हसू अर्ध्यात थांबलं. “म्हणजे खरंच?” त्यांनी विचारलं.

“वारा होता,” मास्तर म्हणाला. “ऐकण्यात चूक झाली यांची.”

तेवढं पुरेसं होतं. घड्याळजीच्या मनात काही शंका राहिली असेल तर ती तिथे संपली. खाडीचं तोंड ओलांडलं, पाणी काळं झालं, वारा समोरून आला, अगदी तो पाहिजे होता तसा. घड्याळजीच्या शेजारी धाकटी उभी होती. तिने एकदा वाऱ्याकडे पाहिलं, एकदा विंचकडे आणि एकदा नवऱ्याच्या जबड्याकडे. तिचा चेहरा उतरला.

घड्याळजीने चाक फिरवलं. बोट वळली, पुढचं शीड फडफडत दुसऱ्या बाजूला गेलं, आणि मास्तरने दोर खेचून विंचवर तीन वेढे घेतले. धापा टाकत तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने घड्याळजीकडे पाहिलं. टोपी उडून गेली होती, कपाळावर घाम होता. आज पहिल्यांदा त्याच्या तोंडात विनोद नव्हता. शिकाऊ माणूस शिक्षकाकडे बघतो तसा तो बघत होता.

“सांगा साडूभाऊ,” तो ओरडला, “मी तयार आहे!”

आणि घड्याळजीला आपला तो दिवस आठवला. त्या दिवशी आपणही अगदी असेच बसलो होतो. अशीच मान वर करून, चाकामागच्या माणसावर विश्वास टाकून. वारा अंगावर आला, बोट कलली, विहीणबाईंनी किंकाळी फोडली. हाच तो क्षण.

“सैल म्हणा,” धाकटी कानाशी म्हणाली. तिने त्याचा दंड धरला. “ऐका माझं. नुसतं ‘सैल’ म्हणा.”

घड्याळजीने ठरवलं. नाही, हे आपल्याच्याने होणार नाही. त्याने छातीभर वारा घेतला आणि सगळा जोर लावून, मान देऊन ओरडला, “सोडा!”

मास्तरने बोटं पुढे नेली आणि वेढा टाकला.

किंकाळी आली ती यावेळी विहीणबाईंची नव्हती. धाकटीने चाक हिसकावून बोट वाऱ्यात फिरवली, शीड सैल पडलं. घड्याळजी विंचपाशी धावला आणि तीन बोटांनी त्याने वेढे सोडवले. मधल्या बोटाचं टोक गेलं होतं, ते दिसतच होतं. खरं सांगायचं तर त्या घटकेला घड्याळजीच्या आत कुठेतरी एक थंडगार आनंद सरकून गेला, साखरेच्या पाण्यासारखा. आणि त्याच घटकेला त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“मी सोडा म्हटलं होतं!”

दवाखान्यात मास्तर उशीला टेकून बसला होता. हात गाठोड्यासारखा बांधलेला. थोरली पायाशी रडत होती. व्याही-विहीण दाराशी अवघडून उभे होते. घड्याळजी आणि धाकटी आत आले तसे सगळे घड्याळजीकडे बघायला लागले. हे बघणं त्याच्या ओळखीचं नव्हतं. इतकी वर्षं लोक त्याच्याकडे कीव करून बघत आले होते.

“या साडूभाऊ,” मास्तर म्हणाला. औषधाने त्याचा आवाज जड झाला होता. “बसा. एक गोष्ट सांगायचीय, सगळ्यांसमोर सांगतो. त्या दिवशी मी ‘ओढ’च म्हणालो होतो.”

थोरलीचं रडणं थांबलं.

“मला तेव्हाच कळलं होतं. तोंडातून शब्द बाहेर पडला तेव्हाच. पण तुमचा हात बघितला आणि घाबरलो. ‘सोड म्हटलं’ असं निघून गेलं. एकदा निघालं ते निघालं. मग बोट देऊन टाकली, पण ते वाक्य काही देता आलं नाही. विनोद करत राहिलो, म्हणजे कुणी विचारू नये. चूक माझी होती. तुमचं दुकान मी घालवलं.”

हेच ते वाक्य. घड्याळजी ज्यावर इतकी वर्षं जगला ते वाक्य, अक्षर न् अक्षर, साक्षीदारांसमोर. त्याने ते ऐकलं, आणि आता काय वाटायला हवं ते त्याला सुचेना. छातीत मोकळं काहीच झालं नाही.

मास्तर थकून हसला. “आता तुमचं सांगा आणि दोघंही मोकळे होऊ. मी रागावणार नाही. माझा हक्कच नाही. तुम्ही ‘ओढा’ म्हणालात ना? वर मान देऊन म्हणालात! मी एकेरीत दोन बोटं घेतली, तुम्ही अहो-जाहो करून एकच घेतलंत.”

“मी ‘सोडा’ म्हणालो,” घड्याळजी म्हणाला.

“मला ‘ओढा’ ऐकू आलं,” व्याही दारातून हळूच म्हणाले. विहीणबाईंनी मान डोलावली.

“नाही हो. मी सोडा म्हणालो. शपथेवर सांगतो. आधी मनात होतं, ओढ म्हणायचं मनात होतं, पण त्या वेळी मी...” तो थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याला थोरलीच्या चेहऱ्यावरून कळलं.

“मनात होतं?” थोरली म्हणाली.

मास्तरने डोळे मिटून घेतले. त्याला खरं बोलता आलं होतं, आता त्याला झोप लागणार होती. घड्याळजीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. तोंडातून काय निघालं होतं? सोडा? का इतकी वर्षं वाऱ्यात घोकलेला दुसरा शब्दच जिभेवर आला होता? घड्याळ कानाला लावून दुखणं सांगणाऱ्या माणसाला आपलाच शब्द आठवेना. त्याने बायकोकडे पाहिलं. ती तर शेजारी होती. तिच्या कानाशीच तो ओरडला होता.

“तू सांग ना,” तो म्हणाला. “तू होतीस. तुला काय ऐकू आलं?”

धाकटीने पिशवी काखेत मारली आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती दाराकडे निघाली. दारात थांबली, पण मागे वळली नाही.

“मला माझंच ऐकू येत होतं,” ती म्हणाली. “मी तुम्हाला ‘सैल’ म्हणा म्हटलं होतं.”

ती गेली. घड्याळजी खुर्चीवर बसला. आता काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्याच्याजवळ एकच वाक्य होतं. ते त्याला तोंडपाठ होतं.

“वारा होता,” तो म्हणाला. “ऐकण्यात चूक झाली असेल.”